गालिच्याखालची शांतता

गाडीच्या काचा वर केल्या की बाहेरचा गोंगाट एकदम दूर जातो. आपण म्हणतो, ‘काय सायलेंट गाडी आहे!’ पण गाडीतली शांतता आपोआप येत नाही. ती एक वस्तू आहे. कारखान्यात कापली जाते, चिकटवली जाते, काही वर्षं टिकते आणि मग सडते, तडकते, भुगा होऊन पडते. तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीतलं कार्पेट उचलून पाहा. खाली तागाचा किंवा चिंध्यांचा दाबलेला नमदा असतो, त्याखाली डांबराचे काळे तुकडे आणि सगळ्यात खाली पत्रा. इंजिनच्या बाजूला, पायांसमोरच्या पत्र्यावर, उष्णता अडवणारा आणखी एक थर. हे थर बदलायला निघालं की बरीच जुनी गोष्ट वर येते.

सुरुवातीच्या मोटारींना या थरांची फारशी गरज नव्हती. वर छप्पर नाही, बाजूला काचा नाहीत. आवाज आणि उष्णता दोन्ही वाऱ्यावर निघून जात. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी बंद टपाच्या मोटारी साधारण दहा टक्के होत्या. १९२७ पर्यंत हे प्रमाण पंचाऐंशी टक्क्यांवर गेलं. फक्त आठ वर्षं! पाऊस, थंडी, धूळ यांपासून लोकांची सुटका झाली, पण ते एका पत्र्याच्या डब्यात जाऊन बसले. त्याच काळात लाकडी सांगाड्याची जागा पोलाद घेत होतं. लाकूड कंपनं बऱ्यापैकी पचवतं. पातळ पत्रा मात्र ताशासारखा वाजतो. इंजिनची थरथर, गिअरची घरघर, चाकांखालची खडी, सगळं छपरापर्यंत पोचायचं आणि आतच घुमायचं.

यावरचा उपाय समजायला घरातला स्टीलचा डबा पुरे. रिकाम्या डब्यावर टिचकी मारा, तो खणखणतो. त्यालाच बाहेरून कणकेचा गोळा थापून पुन्हा टिचकी मारा, नुसता ‘ठप्’ आवाज येतो. डब्याची हालचाल कणकेला ताणते, दाबते आणि त्या ओढाताणीत कंपनाची ऊर्जा किंचित उष्णता होऊन संपते. गाडीत कणकेचं काम डांबराच्या चकत्यांनी केलं. कारागिरांना हे अनुभवाने कळलं होतं. कुठला थर किती जाड लावला तर पत्रा किती मुका होतो, याचं नीट गणित जर्मन शास्त्रज्ञ हेरमान ओबेर्स्ट यांनी १९५२ साली मांडलं. आजही या मापनाच्या पट्टीला त्यांचंच नाव आहे.

नमद्याचं काम वेगळं. हवेतून येणारा आवाज त्याच्या धाग्यांत अडकून विरतो आणि धाग्यांमधली हवा उष्णताही थोपवते. म्हणजे डांबर पत्र्याला गप्प करतं, नमदा हवेला. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. आज बाजारात एकच चकचकीत शीट घेऊन ‘यानेच सगळं होईल’ असं सांगितलं जातं, तेव्हा हा फरक आठवावा.

आता आपल्या ओळखीच्या गाडीकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी काळी-पिवळी म्हणून ओळखली ती हीच. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची जमीन, खांब, छप्पर हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा. ही शेवटची बाब लक्षात ठेवा.

कारण नमद्याचा एक स्वभाव आहे. ज्या धाग्यांत हवा अडकते, त्याच धाग्यांत पाणीही अडकतं. दाराच्या झिजलेल्या रबरातून आत आलेलं पावसाचं पाणी, प्रवाशांच्या ओल्या चपला, छत्र्यांचं ठिबकणं, सगळं खालचा नमदा पिऊन घेतो. वरचं मॅट उन्हात वाळतं, खालचा नमदा महिनोन्‌महिने ओलाच राहतो. मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेत पत्र्याला गंज चढायला एवढं पुरतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरातल्या असंख्य गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशी गाडी सुरू झाली, सीटा सुकवल्या, अत्तर मारलं तरी कार्पेटखालचा थर बदलला नसेल, तर जमीन खालून नव्हे, आतून कुजत जाते. आणि जिथे जमीन हाच सांगाडा, तिथे ती कुजणं म्हणजे अपघातात सांगाड्याने दगा देणं. शांततेसाठी घातलेला थर असा गाडीच्याच जिवावर उठतो, तेही कोणाला न दिसता.

मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. ज्या थोड्या गाड्या हौशी लोकांकडे उरल्या आहेत, त्यांचं पुढचं आयुष्य बरंचसं या न दिसणाऱ्या थरावर ठरणार आहे.

आता उष्णतेचा थर. जुन्या मोटारींमध्ये इंजिनशेजारच्या भागांत उष्णता अडवायला अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर जगभर होत असे. ते स्वस्त, न जळणारं, कापडासारखं विणता येणारं आणि पुठ्ठ्यासारखं दाबता येणारं. ब्रेकच्या लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, गॅस्केटमध्येही तेच. त्याचे तंतू इतके बारीक, की हवेत तरंगताना दिसतही नाहीत. ते श्वासावाटे फुप्फुसात रुततात आणि आजार वर यायला दशकं लागतात.

हे उशिरा कळलं, असं म्हणायला जागा नाही. ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या ३६३ कामगारांची तपासणी केली; त्यांचा अहवाल १९३० साली आला. त्यांतल्या ९५ जणांच्या, म्हणजे चौघांतल्या एकाहून अधिक जणांच्या फुप्फुसांना तंतूंनी जखडलं होतं. १९३१ मध्ये तिथे धुळीविषयी नियम झाले. पण ते होते कारखान्यातल्या कामांपुरते. तयार माल फाटकाबाहेर पडला, गाडीत बसला, वीस वर्षांनी गॅरेजमध्ये खरवडला गेला, तर खरवडणाऱ्यासाठी त्यांत काही नव्हतं.

आणि आपल्याकडे? मुंबईतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका कारखान्यात दीर्घकाळ काम केलेल्या १८१ जणांच्या तपासणीचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ४१ जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. मध्ये पंचाहत्तर वर्षं, एक स्वातंत्र्य आणि कितीतरी कायदे. प्रमाण मात्र पुन्हा चौघांत एकाच्या आसपास! ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. भारतात ते आजही आयात होतं.

म्हणून जुन्या गाडीचं डॅम्पिंग नव्याने करायचं असेल, तर दुकानातल्या शीटआधी जुना थर उचकटायचा विचार करा. इंजिनच्या बाजूचा राखाडी, तंतुमय, भुगा होणारा थर डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. तोवर तो अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चालावं. कोरडा खरवडू नये, हवेच्या प्रेशरने उडवू नये, साध्या कापडी मास्कवर विसंबू नये. थर धड असेल, सुटत नसेल, तर त्याला हात न लावणंच उत्तम. जमिनीवरचं काम त्या मानाने सोपं. आधी गंज काढून पत्रा दुरुस्त करायचा, पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवायची, मग ब्यूटाइल रबराची शीट. हे रबर १९३७ साली अमेरिकेत शोधलं गेलं. टायरच्या ट्यूबमधून ते आपल्या ओळखीचं आहे. संपूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर शीट लागली तरी पत्रा गप्प होतो आणि गाडीचं वजनही फारसं वाढत नाही. वर नमद्याऐवजी पाणी न पिणारा, बंद पेशींचा फोम घालावा.

गाडी शांत होईल. प्रश्न उरतो तो ती शांत करणाऱ्या हातांचा. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला आणि अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला बजावलं, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपावी. चाळीस वर्षं अशासाठी, की आजारालाच तेवढा वेळ लागतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पत्र्यावर छिन्नी चालवणाऱ्या हेल्परच्या तर नोकरीचीच कुठे नोंद नसते. त्याच्या फुप्फुसांची कोण ठेवणार? गाडी त्याच्याकडे सोपवताना निदान त्या थरात काय असू शकतं, हे त्याला सांगणं आपल्या हातात आहे.