मुलाच्या बदल्यात मूल: बोहेमिया-मोरावियातील ‘हांडल’

बोहेमिया आणि मोराविया हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात असताना तेथील अनेक चेकभाषक कुटुंबे आपले मूल काही महिने किंवा वर्षभर जर्मन बोलणाऱ्या कुटुंबाकडे राहायला पाठवीत आणि तेवढाच काळ त्या कुटुंबाचे मूल आपल्या घरी ठेवून घेत. चेक लोक याला मूल ‘ना हांडल’ देणे म्हणत, आणि यातील ‘हांडल’ हा शब्द व्यापार या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आला आहे. जर्मन भाषक या प्रथेला ‘किंडरटाउश’, म्हणजे मुलांची अदलाबदल, असे म्हणत. मराठी वाचकाला येथे लग्नातील साटेलोटे आठवेल आणि ते साम्य वरवरचे नाही, कारण दोन्ही व्यवहारांत आपले माणूस समोरच्या घरी असल्याची जाणीव प्रत्येक घराला बांधून ठेवते. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे उपकाराचे ओझे मात्र या मुलावर नसे. त्याच्या जेवणाखाणाची फेड दुसऱ्या गावात रोजच्या रोज होत असे आणि पैशाची देवघेव सहसा करावी लागत नसे.

या प्रथेमागची गरज सरळ होती. १९१० च्या जनगणनेनुसार बोहेमियात सुमारे ३७ टक्के आणि मोरावियात सुमारे २८ टक्के लोक जर्मन बोलत, परंतु वरिष्ठ सरकारी कारभार, सैन्यातील हुकूम आणि व्हिएन्नाशी चालणारा व्यापार यांमुळे त्या भाषेचे वजन या आकड्यांपेक्षा पुष्कळ अधिक होते. चेक शेतकऱ्याला किंवा कारागिराला आपला मुलगा पुढे जावा असे वाटत असेल तर त्याला जर्मन येणे भाग होते, आणि चेक गिऱ्हाइकांशी किंवा चेक मजुरांशी संबंध येणाऱ्या जर्मन घरालाही चेक भाषा उपयोगी पडे. त्यातच १८६७ च्या मूलभूत कायद्याच्या १९ व्या कलमाने कोणावरही प्रांतातील दुसरी भाषा शिकण्याची सक्ती करू नये असे ठरवल्यामुळे ती भाषा शिकवण्याचा भार घरांवर अधिकच आला. हंगेरीतही ही रीत होती. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला मोर योकाई १८३५ मध्ये, दहा वर्षांचा असताना, अशाच अदलाबदलीत जर्मन शिकण्यासाठी कोमारोमहून पोझोनी, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे गेला होता. संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यालाही १८५६ मध्ये, पंधराव्या वर्षी, जर्मन पक्की व्हावी म्हणून चेस्का कामेनिट्से या जर्मनभाषक गावी पाठवले होते.

पाहुण्या मुलाचा दिवस घरातल्या मुलांसारखाच जाई: त्यांच्याबरोबर शाळा, शाळेनंतर गुरांची किंवा शेताची कामे, आणि दक्षिण मोरावियातील द्राक्षांच्या गावांत हंगामाला वेचणीची घाई. त्याच्या कानावर पडे ती ग्रंथातली नव्हे, तर त्या गावची जर्मन, आणि त्याच्यासाठी कोणी सावकाश बोलत नसे. तरीही ते घर त्याला पूर्णपणे परके नव्हते. दोन्हीकडचे बहुसंख्य लोक कॅथलिक असल्यामुळे रविवारची प्रार्थना त्याच लॅटिन भाषेत होई, आणि ताटातले पदार्थही बव्हंशी ओळखीचेच असत. उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांना जर्मनमध्ये ‘क्न्योडेल’ म्हणतात आणि त्यावरूनच चेक ‘क्नेडलिक’ आला. उलट भाजलेल्या गोड पावाचे चेक ‘बुख्ता’ हे नाव जर्मनमध्ये ‘बुख्टेल’ झाले, आणि आलुबुखाऱ्याच्या घट्ट मुरंब्याचे ‘पोविडला’ हे चेक नाव व्हिएन्नाच्या स्वयंपाकघरात ‘पोविडल’ म्हणून रुळले. घराची रीत ओळखीची आणि बोली तेवढी नवी, अशी ही स्थिती भाषा शिकण्यास फार अनुकूल होती, आणि या प्रथेच्या दीर्घ आयुष्याचे खरे कारण येथेच शोधले पाहिजे. मुलाची इच्छा मात्र क्वचितच विचारली जाई, त्यामुळे घरच्या आठवणीने रडून काढलेल्या रात्रींची गणना या व्यवहाराच्या हिशेबात व्हायलाच हवी.

पालकांना ही शहाणपणाची तजवीज वाटत असली, तरी राष्ट्रवादी पुढाऱ्यांना तिच्यात मूल गमावण्याचा धोका दिसे. १८८० मध्ये जर्मन आणि चेक अशा दोन्ही पक्षांनी शाळा चालवणाऱ्या संघटना स्थापन केल्या आणि एकेका मुलासाठी त्यांच्यात चढाओढ सुरू झाली. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बादेनी यांनी बोहेमिया व मोरावियातील अधिकाऱ्यांना दोन्ही भाषा येणे आवश्यक ठरवताच जर्मन पक्षांनी एवढा क्षोभ माजवला की त्यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले. १९०५ मध्ये मोरावियातील चेक आणि जर्मन पक्षांत झालेल्या समझोत्यात ‘लेक्स पेरेक’ नावाने ओळखले जाणारे कलम आले. शाळेची भाषा येत नसलेल्या मुलाला त्या प्राथमिक शाळेत सामान्यतः प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. भाषा शिकण्यासाठीच दुसऱ्या गावी आलेल्या मुलाला भाषा येत नाही म्हणून अडवण्याची वाट या कलमाने मोकळी केली, आणि हे त्या समझोत्याचे सर्वांत अन्यायकारक अंग होते. तरीही कुटुंबांनी ही रीत सोडली नाही, आणि १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया स्थापन झाल्यावर चेक शिकण्याची निकड जर्मन घरांना अधिक भासू लागली.

हा व्यवहार कायद्याने नव्हे, तर युद्धाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या हकालपट्टीने संपवला. १९३८ च्या म्युनिक करारानंतर जर्मनबहुल सीमाभाग नाझी जर्मनीत गेला आणि महायुद्धाच्या अखेरीनंतर चेकोस्लोव्हाकियातील सुमारे ३० लाख जर्मन भाषकांना देश सोडावा लागला. ज्या मिकुलोव्ह, झ्नोय्मो आणि चेस्का कामेनिट्से या गावांत चेक मुले जर्मन शिकायला जात, तेथे आज चेक बोलली जाते.