मेकॅनो कोणाचे?

भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट, चाके, कप्प्या आणि एक छोटासा पाना. एवढ्या सामानातून पूल, यारी, मोटार असे हवे ते बनवता येते. पट्ट्यांमध्ये मुलगा-मुलगी असा भेद करण्यासारखे काहीही नाही. तरीही हे खेळणे पिढ्यान्‌पिढ्या 'मुलग्यांचे' मानले गेले. असे का झाले?

फ्रँक हॉर्नबी हा इंग्लंडमधील लिव्हरपूलचा एक हिशेबनीस. त्याने आपल्या दोन मुलग्यांसाठी अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके असलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि १९०१ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये या खेळण्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. पुढे त्याची जाहिरातच 'मुलग्यांसाठी अभियांत्रिकी' अशी होऊ लागली. अमेरिकेत आल्फ्रेड गिल्बर्टने १९१३ मध्ये 'इरेक्टर' हा असाच संच बाजारात आणला. त्याच्या जाहिराती तर थेट मुलग्यांनाच हाक मारत. तो काळ रेल्वेचा, पोलादी पुलांचा आणि उंच इमारतींचा होता. अभियंता म्हणजे पुरुष, हे समाजाने गृहीत धरले होते. तेच गृहीत खेळण्याच्या खोक्यावर छापले गेले.

गिल्बर्टची कंपनी रसायनशास्त्राचे संचही विकत असे. १९५०च्या दशकात तिने मुलींसाठी एक वेगळा संच काढला. खोके गुलाबी होते. आत सूक्ष्मदर्शक होता, म्हणजे विज्ञानाचे खरे साधनच. पण संचाचे नाव होते 'लॅब टेक्निशियन'. मुलीने प्रयोगशाळेत जायला हरकत नव्हती, पण तिथे तिची जागा मदतनिसाची, हे नावातूनच ठरवून टाकले होते.

मग ही वाटणी अटळ होती का? तसे दिसत नाही. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने एकमेकांत घट्ट बसणाऱ्या विटांचे पेटंट १९५८ मध्ये नोंदवले. १९६३ मध्ये तिने आपल्या खेळण्यांची दहा तत्त्वे ठरवली, त्यांत 'मुली आणि मुलगे, दोघांसाठी' हे एक होते. १९७४च्या सुमाराच्या संचांत पालकांसाठी एक चिठ्ठी असे. निर्मितीची ओढ सर्व मुलांत सारखीच असते, पुष्कळ मुलग्यांना बाहुलीघर आवडते आणि पुष्कळ मुलींना अंतराळयान, असा तिचा आशय होता. स्त्रीचळवळीचा जोर असलेल्या त्या दशकात इतरत्रही बदल दिसतो. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतील सीअर्स या दुकानाचे जुने कॅटलॉग तपासले. १९७५च्या कॅटलॉगमधील जवळजवळ ७० टक्के खेळण्यांवर 'मुलीचे' किंवा 'मुलग्याचे' अशी कोणतीही खूण नव्हती.

आश्चर्य म्हणजे यानंतर घड्याळाचे काटे उलटे फिरले. १९८४ मध्ये अमेरिकेने मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमांमधील जाहिरातींवरची मर्यादा उठवली. मालिका आणि खेळणी हातात हात घालून विकली जाऊ लागली, बाजाराचे कप्पे पडले. यात व्यापाऱ्याचा फायदा उघड आहे. एकच खेळणे बहीण-भाऊ वाटून घेतात. निळे आणि गुलाबी असे दोन प्रकार केले, की दोन विकत घ्यावे लागतात. लेगोनेही २०१२ मध्ये मुलींसाठी 'फ्रेंड्स' ही वेगळी मालिका काढली आणि तिच्यावर बरीच टीका झाली. २०१४ मध्ये एलेन कोइमन या भूवैज्ञानिक महिलेने सुचवलेला, तीन स्त्री-वैज्ञानिकांचा संच लेगोने बाजारात आणला. तो पाहता पाहता संपला. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि मोठ्या दुकानांना खेळण्यांचा एक सामाईक विभाग ठेवणे बंधनकारक केले. तो २०२४ पासून लागू झाला.

इथे कोणी म्हणेल, 'आवडी उपजतच वेगळ्या असतात.' ही शंका रास्त आहे. २००२ मधील एका अभ्यासात व्हर्वेट जातीच्या नर माकडांनी मोटार आणि चेंडूला, तर माद्यांनी बाहुली आणि पातेल्याला अधिक वेळ दिला. पण पातेले कशासाठी असते, हे माकडाला काय ठाऊक? त्यामुळे या निष्कर्षाचा अर्थ लावणे सोपे नाही. शिवाय हा कल सरासरीचा असतो. एकट्या मुलाला किंवा मुलीला काय आवडेल, हे सरासरी सांगत नाही.

खोक्यावरच्या शब्दाचा परिणाम मात्र १९८६ मधील एका प्रयोगात स्पष्ट दिसला. चार ते नऊ वर्षांच्या मुलांपुढे अनोळखी वस्तू ठेवल्या. त्या 'मुलींच्या', 'मुलग्यांच्या' किंवा 'दोघांच्या' आहेत असे सांगितले. जी वस्तू 'आपली नाही' असे कळले, तिला मुलांनी कमी हाताळले. आठवड्याने विचारल्यावर तिच्याविषयी त्यांना कमी आठवले. नीट आठवले तर बक्षीस देऊ, असे सांगूनही फरक पडला नाही. वस्तू तीच, फक्त एका शब्दाने शिकणे थांबले.

शिक्षकांनी थबकून विचार करावा तो इथे. वस्तू मनात फिरवून पाहणे, आकार जुळवणे ही क्षमता विज्ञान-गणितात फार उपयोगी पडते. २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही क्षमता सरावाने वाढते, असे त्यातून दिसले. म्हणजे जिच्या हाती पाना कधी आलाच नाही, तिचा तेवढा सराव बुडाला. भातुकलीपासून दूर ठेवलेल्या मुलग्याचेही नुकसान होतेच. मोजणे, वाटणे आणि दुसऱ्याची काळजी घेणे तिथेही शिकायला मिळते.

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आणि पुढे पुण्याच्या आयुकात, काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून त्रिकोण, घन, घरे बनवायला शिकवले. या खेळण्याला खोकेच नाही, त्यामुळे त्यावर कोणाचे चित्र नाही. पण आपल्या बोलण्यातून आणि गट पाडण्यातून वर्गात ते चित्र नकळत उमटू शकते. पुढचा प्रयोग गटांत कराल तेव्हा एवढेच पाहा : साहित्य कोणाच्या हातात आहे आणि निरीक्षणांची वही कोणाच्या? पुढच्या तासाला अदलाबदल करायला सांगा.