लवकर घरी सोडलं, पण लक्ष कुणी ठेवायचं?

पोटाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की आमच्या जुन्नर-आंबेगावात अजूनही एकच चित्र डोळ्यांपुढे येतं: नाकात नळी, तोंडाला पाणी नाही, आठवडाभर खाटेवर. त्यामुळे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी आला की लोक विचारतात, "एवढ्यात कसं सोडलं?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वजन उतरवायला सुरुवात झाली. वजन उतरायचं, पण यकृत बिघडायचं, मूतखडे व्हायचे. ती पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला. १९९० च्या दशकात तो दुर्बिणीतून होऊ लागला.

त्याच दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट मोठ्या आतड्याच्या रुग्णांबाबत विचारत होते: ऑपरेशन नीट झालं, तरी पेशंट दवाखान्यात का अडकतो? वेदना, मळमळ, उपास, अंथरुणात पडून राहणं, अशी एकेक कारणं त्यांनी हाताळली. पेशंट लवकर खाऊ लागले, चालू लागले, म्हणून लवकर घरी गेले. २०१६ मध्ये 'इरास सोसायटी'ने वजनाच्या शस्त्रक्रियेसाठीही अशाच शिफारशी दिल्या.

पण धोका संपला का? अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत मृत्यू ०.३ टक्के, तर गंभीर गुंतागुंत ४.३ टक्के. म्हणजे शंभरातले चार. टाक्यांच्या जागेतून होणारी गळती किंवा पायात झालेली रक्ताची गाठ कधीकधी घरी आल्यावरच लक्षात येते. पूर्वी तेव्हा पेशंट वॉर्डात असायचा, आता तो जुन्नरला असतो. पुणे नव्वदेक किलोमीटर, वाटेत चाकणची ट्रॅफिक.

म्हणून घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर राहिली, तर ताप नसला तरी थांबू नका. धाप, छातीत दुखणं, एका पायाला सूज, वाढती पोटदुखी, यांनाही तोच नियम. बायपासनंतर अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने आणू नका, अल्सर होऊ शकतो. आणि उलट्या थांबत नसतील तर 'ग्लुकोजचं सलाईन लावा' म्हणण्याआधी डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल सांगा. शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते, बी-१ आधी किंवा सोबत द्यावं लागतं.

केलेटांच्या पद्धतीत लवकर घरी जाणं हा परिणाम होता, हेतू नव्हता. वॉर्डातली नजर घरापर्यंत आली, तरच तो सुरक्षित. डिस्चार्ज कार्ड कपाटात ठेवू नका. गावातल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा.