चक्र थांबेल कशावरून?

संगणकाची आज्ञावली शिकताना 'फॉर' आणि 'व्हाइल' ही दोन लूप बहुधा एकाच धड्यात भेटतात. त्यामुळे त्यांतला फरक लिहिण्याच्या सोयीपुरताच आहे, असा समज होतो. वस्तुतः तो फरक खोल आहे आणि संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीया'तील ज्यांची सारणी पाहा. काटकोनाचे २२५ कलांचे २४ भाग आणि आधीच्या ज्यांवरून पुढची ज्या काढण्याचा एकच नियम. फेऱ्या किती, हे आरंभीच ठरलेले. हे 'फॉर' लूप. १९५७ च्या फोरट्रानमधले 'डू' याच जातीचे होते. अट पाहून थांबायचे तर 'इफ' आणि 'गो टू' यांची जुळणी करावी लागे. (आर्यभटाला प्रोग्रामर ठरवण्याचा उत्साह मात्र मला मान्य नाही. साम्य विचारपद्धतीत आहे, यंत्रात नाही.)

चक्रवालाची गोष्ट वेगळी. ६१ ला एका वर्गसंख्येने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी, हा भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तील प्रश्न. साल ११५०. ही पद्धत जयदेवाच्या नावाने त्याआधीही ज्ञात होती. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने अधिक. हा ३ म्हणजे क्षेप. एका ठरावीक नियमाने पुढची जोडी मिळते ३९ आणि ५ : १५२१ उणे १५२५, क्षेप उणे ४. क्षेप १ होईपर्यंत हेच करत राहायचे. हे 'व्हाइल' लूप.

फेऱ्या किती लागतील, हे संख्येकडे पाहून कळत नाही. ६२ साठी एकच फेरी पुरते. उत्तर ८ आणि ६३. शेजारच्या ६१ साठी मात्र तेरा फेऱ्या, आणि उत्तर २२,६१,५३,९८० व १,७६,६३,१९,०४९. भास्कराचार्य तेरा फेऱ्या फिरले नाहीत. क्षेप उणे ४ येताच ब्रह्मगुप्ताच्या भावनेचा आधार घेऊन ते थेट उत्तराशी पोहोचले. आजच्या भाषेत, योग्य जागी 'ब्रेक'. १६५७ मध्ये फर्माने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून जे प्रश्न घातले, त्यांत हाच ६१ होता.

मोजून फिरणारे लूप थांबणारच. अटीवर फिरणारे थांबेल कशावरून? कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे १९३६ मध्ये ट्यूरिंगने दाखवले. म्हणून अशा प्रत्येक लूपची सिद्धता स्वतंत्रपणे शोधावी लागते. चक्रवालात क्षेप एका मर्यादेबाहेर जात नाही, त्यामुळे शक्य स्थिती मोजक्याच उरतात; पण तेवढ्याने त्यांत १ येईलच असे नाही. लाग्रांजने १७६८ मध्ये अशा समीकरणांना उत्तर असतेच हे सिद्ध केले, तेही निराळ्या वाटेने. खुद्द चक्रवाल दर वेळी १ वर येऊन थांबते, याची सिद्धता १९३० च्या सुमारास म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील. भास्कराचार्यांनी चक्र फिरवले, त्याला तेव्हा पावणेआठशे वर्षे होऊन गेली होती.