विणकराच्या बैठकीचे हाड

माणूस बसतो तो कंबरेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर. ही आसनास्थींची जाड, खडबडीत टोके उभे असताना नितंबाच्या मोठ्या स्नायूखाली झाकलेली असतात. बसताना मांडी दुमडली की तो स्नायू वर सरकतो आणि हाडाखाली उरते कातडी, थोडी चरबी आणि द्रवाची एक पातळ पिशवी. ती पिशवी सुजून जाड झाली की बसणे असह्य होते. या दुखण्याला इंग्रज डॉक्टरांनी ‘विणकराचे ढुंगण’ असे नाव दिले आणि दोष बसण्यावर गेला. हातमागाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो: हाड दुखवले ते बसण्याने नव्हे, उठू न देणाऱ्या मजुरीने.

जुन्या युरोपीय मागावर विणकर लाकडी फळीवर बसून एका हाताने धोटा फेकी आणि दुसऱ्या हाताने झेली. प्रत्येक फेकीला धड कलायचे, भार एका हाडावरून दुसऱ्यावर जायचा. पाय खालच्या पट्ट्या दाबत, आणि मांडीच्या मागचे स्नायू नेमके याच उंचवट्यातून निघत असल्याने वरून दाब आणि आतून ताण असा दुहेरी मारा होई. 1733 मध्ये जॉन के याने दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा आणला. हात लांबवणे कमी झाले. शरीराला उसंत मिळायला हवी होती. पण मजुरी कापडाच्या मापावर होती. एकोणिसाव्या शतकात यंत्रमाग पसरले, दर कोसळले, आणि तेवढ्याच कमाईसाठी हातमागवाल्याला त्याच फळीवर आणखी तास काढावे लागले. अवजार सुधारले, बैठक लांबली.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक जमिनीवरच बसत आले, त्यांचे काय? पण मांडी घालून बसलेल्याचा काही भार मांड्या आणि पाय उचलतात, शिवाय तो हवी तेव्हा बैठक बदलतो. येवल्याच्या खड्डामागावर तसे नसते. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली पट्ट्यांवर असतात, आणि पैठणीचा पदर विणताना रंगीत रेशमाच्या कांड्या एकेक करून ताण्यातून न्याव्या लागतात. नजर आणि बोटे अडकलेली असताना धड हलवायला वाव उरत नाही. जमिनीची सवय इथे उपयोगी पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उपासमार आणि कोंदट खोल्या यांपुढे एका हाडाचे दुखणे ते केवढे? दुखणे लहान हे खरे, पण त्याचे कारण तेच. ज्या दराने ताटातले अन्न कमी केले, त्यानेच बैठक लांबवली. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ हे विचारायलाच हवे असा आग्रह धरला. बसून काम करणारे शिंपी आणि चांभार त्याने बारकाईने पाहिले होते. त्या प्रश्नाला आज एक जोड हवी: मजुरी कशाच्या मापाने मिळते? गादी दिल्याने दाब हलका होईल. पण उठलेल्या प्रत्येक मिनिटाची मजुरी कापली जात असेल, तर कारागीर गादीवरूनही उठणार नाही. विश्रांतीचा वेळ दरातच धरला, तरच या हाडाला खरा आराम मिळेल.