वडाची सावली आणि श्रमिकाची दुपार

मनुष्याची शक्ती दिवसभर सारखी राहत नाही. पहाटे ती उमलते, माध्यान्ही उन्हाने कोमेजते आणि सायंकाळी पुन्हा थोडी सावरते. हा क्रम ओळखूनच वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ब्राह्म मुहूर्ती उठण्यास सांगितले, व्यायाम अर्ध्या शक्तीने व उन्हाळ्यात त्याहूनही अल्प करावा असा नियम घातला, आणि एरवी वर्ज्य मानलेली दुपारची निद्रा ग्रीष्मात हितकर ठरविली. परंतु ज्याचा दिवस त्याच्या स्वाधीन आहे, त्यालाच हा उपदेश आचरता येतो. ज्याचा दिवस दुसऱ्याने विकत घेतला, त्याने काय करावे?

या प्रश्नाचा इतिहास पाहण्यास शारजातील रोल्ला हे उचित स्थळ होय. या वस्तीचे नाव एका वटवृक्षावरून पडले. एकोणिसाव्या शतकात लावलेल्या त्या वडाच्या सावलीत लोक विसाव्यास बसत, ईदेस तेथे मेळा भरे. १९७८ साली तो वड कोसळला. आज त्या चौकात त्याचे स्मारक उभे आहे.

याच किनाऱ्यावरील पाणबुडे पूर्वी ऐन उन्हाळ्यात मोती काढावयास जात. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही, म्हणून सकाळी थोडा खजूर व कॉफी आणि मुख्य भोजन सूर्यास्तानंतर, हा त्यांचा परिपाठ. आहार देहधर्माप्रमाणे चाले. श्रम मात्र कर्जाप्रमाणे. नौकेच्या ‘नोखदा’कडून, म्हणजे कोकणच्या भाषेत नाखव्याकडून, घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसे.

उचलीचा हा फास गिरमिटियांच्या वंशजांस अपरिचित नाही. १८३४ पासून १९१० पर्यंत जे लक्षावधी हिंदी मजूर मॉरिशसला उतरले, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. शेतीची नक्षत्रे आणि उन्हाचा कवडसा पाहून काम करणारी ही माणसे उसाच्या मळ्यात हजेरीच्या हाकेने बांधली गेली. एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई. थकलेल्या देहाची विश्रांतीच अपराध ठरली!

त्यांचेच भाऊबंद मुंबईच्या गिरण्यांत राबत होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, दुपारी अर्धा तास सुटी, रविवारी पूर्ण विश्रांती, या त्यांतील मागण्या. रविवारच्या सुटीसाठी १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. वाग्भटाने जे आरोग्य म्हणून सांगितले, ते लोखंडे यांना हक्क म्हणून मागावे लागले.

रोल्लाच्या परिसरात आज हिंदी श्रमिकांची मोठी वर्दळ असते. २००५ पासून संयुक्त अरब अमिरातीत उन्हाळ्यातील दुपारच्या उघड्यावरील कामास कायद्याने बंदी आहे. सांप्रत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हात काम घेणे दंडनीय आहे. वडाने जी सावली फुकट दिली, ती आता कायद्याने द्यावी लागते.

पूर्वजांना न मिळालेली दुपार ज्यांना लाभली आहे, त्यांनी ती स्वतःपुरती राखू नये. आपल्या हाताखाली जो कोणी राबत असेल, त्याच्या माध्यान्हीचीही चिंता वाहावी. गिरमिटिया पूर्वजांचे याहून उचित तर्पण ते कोणते?