संत झेवियरची समाधि व फ्लोरेन्सचा शिल्पी

इ. स. १६९८ च्या आरंभीं राजाराममहाराज जिंजीहून परत येऊन विशाळगडीं पोंचले, हें आमच्या मलकापुरांत शाळकरी पोरासही ठाऊक असतें. त्याच सालीं जुन्या गोव्यांत, बाँ जेझूच्या देवालयांत, फ्लोरेन्सहून आलेला प्लाचिदो फ्रान्चेस्को रांपोनी नांवाचा शिल्पी संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचे दगड जुळवीत होता. पहिली गोष्ट सर्वश्रुत आहे. दुसरीकडे आपल्या संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें दिसत नाहीं, म्हणून हें टिपण.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. १५५४ सालीं त्याचें शव गोव्यास आलें व १६२४ त तें बाँ जेझूंत आणलें गेलें. (हें कॅथीड्रल नव्हे, कॅथीड्रल म्हणजे समोरचें सेंट कॅथरीनचें. पुष्कळ प्रवासी दोहोंत घोटाळा करतात.) शवाची रुप्याची पेटी १६३६-३७ मध्यें गोव्याच्याच सोनारांनीं घडविली. पुढें तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची यास संताच्या मस्तकाखालची उशी जेझुइट पाद्र्यांकडून मिळाली. तिची उतराई म्हणून त्यानें आपला दरबारी शिल्पी जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याजकडून ही समाधि करविली.

घडीव काम फ्लोरेन्सांत झालें. तयार भाग जहाजानें गोव्यास आणून उभे करण्याचें काम रांपोनी व त्याचा सोबती सिमोने फान्चुल्लाच्ची यांजवर सोंपविलें होतें. ते १६९७ त निघून लिस्बनमार्गें पुढील वर्षीं गोव्यास उतरले. समाधि थरावर थर चढत गेलेली आहे. चार बाजूंस ब्राँझचे चार पट असून त्यांत उपदेश, बाप्तिस्मा, मारेकऱ्यांपासून सुटका व मृत्यु हे प्रसंग उठावांत दाखविले आहेत. सर्वांवर ती रुप्याची पेटी. खालचें काम इटलीचें, माथ्यावरचें गोव्याचें. दोहोंमध्यें साठ वर्षांचें व दोन समुद्रांचें अंतर. दोन्हीं कामें एकाच हातचीं वाटावीं, इतकें जुळवून देणें रांपोनीकडे आलें. देवालयाचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकांत काढल्यापासून जांभा उघडा पडला आहे. त्या खडबडीत तांबड्या भिंतीआड हें गुळगुळीत संगमरवरी काम आम्हांस, खरें सांगावयाचें तर, प्रथम विजोड वाटलें. दुसऱ्या भेटींत तें मत टिकलें नाहीं.

या पेटीशीं मराठ्यांच्या इतिहासाचाही धागा आहे. नोव्हेंबर १६८३ मध्यें संभाजीमहाराजांनीं जुवें बेटावर चाल केली, तेव्हां व्हाइसरॉय आल्व्होरचा कौंट यानें आपला अधिकारदंड संताच्या शवापाशीं ठेवून शहर त्याच्या हवालीं केलें. त्यानंतर पंधराच वर्षांनीं त्याच पेटीखालीं रांपोनीनें संगमरवर बसविला.

रांपोनीनें आपल्या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेविली. ती फ्लोरेन्सांत जतन झाली व कार्ला सोदिनी यांनीं १९९६ त छापून काढली. फोज्जिनीचें नांव समाधीनें राखलें, रांपोनीचें कागदानें. पेटी घडविणाऱ्या सोनारांचीं नांवें मात्र कोणाच्या तोंडीं नाहींत. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे हत्ती कोरणारांचींही नाहींत.

याचा दोष केवळ काळास देतां येत नाहीं. शिक्षकी करीत असतां आम्ही याच तालुक्यांत एका घरीं मोडी रुमाल पाहावयास गेलों होतों. सनदा, महजर व निवाडे आम्हीं उतरून घेतले. देवळाच्या जीर्णोद्धारांत पाथरवटांस दिलेल्या मजुरीच्या यादीचे चार-पांच बंद होते. त्यांत माणसांचीं नांवें, दिवस व शेरांनीं धान्य लिहिलेलें होतें. राजकारण कांहीं नाहीं म्हणून ते आम्हीं तसेच बांधून परत दिले. पुढें बऱ्याच वर्षांनीं पुन्हां गेलों. मागल्या पावसाळ्यांत पडवी बसली होती आणि रुमालाचा लगदा झाला होता. त्यांतलें एकही नांव आज आम्हांस आठवत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं बांधकामाच्या, पाथरवट-सुतारांच्या वा सोनारांच्या मजुरीच्या याद्या असतील, त्यांनीं त्या प्रथम उतरून घ्याव्या व एक नक्कल मंडळाकडे पाठवावी.